‘कबूल आहे’ म्हणण्याआधी



बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात, की एकदा दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर अर्धा तास उभे राहून पाहा. आपण तिला नुसते ‘रजिस्ट्री’ म्हणतो. बाहेर लिंबाखाली टेबले मांडून अर्जनवीस बसलेले असतात. बाकावर एखादा शेतकरी बसलेला असतो. धोतर धुतलेले, टोपी नवी, हातात पिशवी, पिशवीत सातबारा. शेजारी घेणारा बसलेला असतो. सकाळपासूनचा चहा आणि भजी त्याच्याच खर्चाने. आतून नाव पुकारले जाते. शेतकऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवतात, यंत्रावर अंगठा टेकवून घेतात. साहेब मान वर न करता विचारतात, “दस्त करून दिला? कबूल आहे?” शेतकरी मान हलवतो. पुढचे नाव पुकारले जाते.

तीन पिढ्यांनी वखरलेले पाच एकर रान एवढ्या वेळात दुसऱ्याच्या नावावर गेलेले असते.

याच शेतकऱ्याला संध्याकाळी गावी विचारा, “काय करून आलास?” तो सांगेल, “काही नाही, पेरणीसाठी पन्नास हजार घेतले. कागद तारण ठेवला. दोन वर्षांत फेडला की कागद परत.” त्याच्या मनात गहाण आहे. कागदावर मात्र कायम खरेदीखत आहे. दोन वर्षांनी तो पैसे घेऊन जातो तेव्हा घेणारा म्हणतो, “कसले पैसे? जमीन तू विकलीस.” मग तो रडत-ओरडत पुन्हा रजिस्ट्रीच्या दारात येतो. साहेब म्हणतात, “तुम्हीच कबूल म्हणालात. फोटो आहे, अंगठा आहे. मी काय करू?”

शेतकरी म्हणतो साहेब विकले गेले. साहेब म्हणतात शेतकरी शब्द फिरवतो. दोघांच्याही म्हणण्यात थोडे खरे असेल, पण मूळ गोष्ट निराळी आहे. त्या खुर्चीवरच्या माणसाचे काम काय, त्याला अधिकार कोणते, आणि कोणते नाहीत, हे आपल्याला कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. म्हणून या अंकात ते सांगायचे आहे. जिल्हा बैठकीला येताना हा अंक वाचून या, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

साहेब न्यायाधीश नव्हे, साक्षीदार

नोंदणीचा कायदा १९०८ सालचा आहे. इंग्रज गेला, कायदा राहिला. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क देणारा, सोडणारा किंवा बदलणारा दस्त नोंदवावाच लागतो. बक्षीसपत्राला तर किमतीचीही अट नाही. शंभर रुपयांत आज सरकीची एक पिशवीही येत नाही. म्हणजे जमिनीचा जवळजवळ प्रत्येक कागद त्या कचेरीतून जाणार. मृत्युपत्राची नोंदणी मात्र ऐच्छिक आहे.

दस्त झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला आणावा लागतो. त्यानंतरच्या आणखी चार महिन्यांत दंड भरून आणता येतो.

दस्त आल्यावर साहेबाने काय तपासायचे, हे ३४ व्या कलमात लिहिले आहे. समोर उभा असलेला माणूस तोच आहे का? दस्त त्याने खरोखर करून दिला का? तो दुसऱ्याच्या वतीने आला असेल तर तसा अधिकार त्याच्याजवळ आहे का? बस, एवढेच. किंमत रास्त आहे का, विकणारा खरा मालक आहे का, घरात भाऊबंदांचा वाद आहे का, हे तपासणे त्याचे काम नाही. तमिळनाडूने एक नियम करून मालकीचा आधीचा कागद दाखवल्याशिवाय दस्त नोंदवू नये, असे ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो नियम रद्द केला आणि सांगितले, की विकणाऱ्याला मालकी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही.

त्यातून दोन गोष्टी निघतात. दोन्ही नीट ध्यानात धरा.

पहिली, रजिस्ट्री झाली म्हणजे जमीन पक्की झाली, असे नव्हे. रजिस्ट्रीचा शिक्का एवढेच सांगतो, की अमुक माणसाने अमुक दिवशी माझ्यासमोर हा दस्त कबूल केला. त्याच्याजवळ विकायला जमीन होती की नव्हती, याची हमी शिक्का देत नाही. म्हणून घेणाऱ्यानेही सातबारा, फेरफार आणि आधीचे दस्त स्वतः तपासले पाहिजेत.

दुसरी, एकदा नोंदवलेला दस्त रद्द करणे साहेबाच्या हातात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. फसवणूक झाली असेल तर दस्त रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत जावे लागते. म्हणजे शिक्का बसल्यावर साहेबाच्या दारात रडून उपयोग नाही. जे बोलायचे ते शिक्का बसण्याआधी बोलले पाहिजे.

अंगठा आणि कबुली

आणि बोलता येते! ही गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही.

कायद्याच्या ३५ व्या कलमात लिहिले आहे, की दस्त करून देणाऱ्याने ‘मी हा दस्त करून दिलेला नाही’ असे म्हटले, किंवा तो अज्ञान आहे वा वेडसर आहे असे साहेबाला दिसले, तर नोंदणी नाकारलीच पाहिजे. आता घेणाऱ्याचा वकील म्हणेल, “अंगठा तुझाच ना? मग दस्त तूच करून दिला.” वर्षानुवर्षे कचेऱ्यांतून हेच चालत आले. अंगठा कबूल म्हणजे दस्त कबूल.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या समजुतीला छेद दिला. एका बाईचे म्हणणे होते, की सही माझी आहे, पण मला वेगळेच सांगून ती घेतली. खरेदीचा दस्त मी करून दिलेला नाही. न्यायालय म्हणाले, की दस्त ‘करून देणे’ म्हणजे नुसती सही ठोकणे नव्हे. आत काय लिहिले आहे ते समजून, त्याला संमती देऊन केलेली सही म्हणजे दस्त करून देणे. सही कबूल करून मजकूर नाकारला, तर ती दस्ताची कबुली होत नाही. अशा वेळी नोंदणी करून टाकायची नाही. फसवणूक झाली की नाही हे दिवाणी न्यायालय पाहील.

भावांनो, एका वाक्यात लाख मोलाची गोष्ट आहे. साहेबासमोर उभे असताना तुमच्या ध्यानात आले, की सांगितले एक आणि लिहिले दुसरे, तर मान हलवू नका. मोठ्याने म्हणा, “अंगठा माझा आहे, पण जमीन विकल्याचा दस्त मी करून दिलेला नाही. मी कर्ज घेतले आहे.” हे म्हटल्यावर साहेबाला पुढे जाता येत नाही. नकार द्यावा लागतो आणि नकाराची कारणे दुसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात लिहावी लागतात.

हे लिहायला सोपे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. घेणारा शेजारी उभा असतो. घरी बियाण्याची पिशवी आणायची असते, नाहीतर पोरीचे लग्न ठरलेले असते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. खरे म्हणजे गरजवंताला अक्कल असते, जीभ नसते. बँकेचे जुने कर्ज थकले म्हणून नवे मिळत नाही, आणि कापूस-ज्वारीला खर्च भरून निघेल असा भाव मिळत नाही म्हणून जुने थकते. हे चाक जोवर फिरते आहे तोवर माणूस सावकाराच्या दारी जाणारच. भावाची लढाई त्यासाठीच आहे आणि ती वेगळी चालू राहील. पण भाव मिळेपर्यंत रान तरी हातात राहिले पाहिजे. रान गेल्यावर वाढलेला भाव कोणाच्या पदरात पडणार?

कायद्याने ठरवून दिलेली बाकीची कामे

कबुलीखेरीज आणखी काही गोष्टी कायद्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. त्या साध्या आहेत, म्हणूनच त्यांच्याकडे काणाडोळा होतो.

कोऱ्या जागा आणि खाडाखोड. दस्तात कोरी जागा, खोडलेला शब्द किंवा ओळींमध्ये घुसवलेला मजकूर असेल आणि त्याशेजारी करून देणाऱ्याची सही वा अंगठा नसेल, तर साहेब असा दस्त नाकारू शकतो. म्हणून गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम भरल्याशिवाय अंगठा देऊ नका. “नंतर भरून घेऊ” म्हणणारा स्वतःच्या सोयीने भरतो.

पैशाची नोंद. साहेबाच्या समोर पैसे दिले-घेतले गेले, किंवा पैसे मिळाल्याचे तुम्ही त्याच्यासमोर कबूल केले, तर तशी नोंद त्याने दस्तावर करायची असते, असे ५८ वे कलम सांगते. दस्तात तीन लाख लिहिलेले असतात, हातात पन्नास हजार पडलेले असतात, आणि आपण “मिळाले” म्हणतो. पुढे कोर्टात तो एक शब्द आपल्या गळ्याला फास होतो. जेवढे मिळाले तेवढेच मिळाले म्हणा.

पावती आणि मूळ कागद. दस्त हजर करणाऱ्याला पावती द्यायची असते आणि नोंदणी झाल्यावर मूळ दस्त त्यालाच परत मिळतो. हजर कोण करतो? बहुधा घेणारा. म्हणून मूळ कागद त्याच्या पेटीत जातो आणि आपल्या हातात कपटाही राहत नाही. पण नोंदलेल्या दस्ताची नक्कल फी भरून मिळते. नोंदणी झाली त्याच आठवड्यात नक्कल काढा आणि गावातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. दोन वर्षांनी समजण्यापेक्षा आठ दिवसांत समजलेले बरे.

आजारी आणि म्हातारी माणसे. खाटेवरच्या म्हाताऱ्याला बैलगाडीत घालून तालुक्याला नेण्याची गरज नाही. विशेष कारण असेल तर साहेब घरी येऊन दस्त घेऊ शकतो, त्याची फी ठरलेली आहे. पण हीच सोय उलटीही वापरली जाते. शुद्ध हरपलेल्या बापाच्या उशाशी साहेबाला आणून एक भाऊ दुसऱ्याला कापतो. अशा वेळी आक्षेप घ्यायचा तो त्याच क्षणी आणि लेखी.

नकाराची कारणे. साहेबाने दस्त नाकारला तर ‘नोंदणी नाकारली’ असे दस्तावर लिहून कारण पुस्तकात नोंदवायचे असते. मागितल्यास त्या कारणांची नक्कल फुकट आणि विनाविलंब द्यायची असते. तिच्या आधारे तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. म्हणून “आज होत नाही, उद्या या” हा नकार नव्हे, ती टाळाटाळ आहे. उद्या या म्हणजे कोणामार्फत या, हे आपल्याला समजते. त्यावर एकच उत्तर: “साहेब, होत नसेल तर कारण लिहून द्या.” तोंडी टाळाटाळीवर अपील करता येत नाही, लेखी कारणावर करता येते. म्हणून तर लेखी कारण द्यायला साहेब कुचरतात.

फीचा तक्ता. कोणत्या दस्ताला किती फी, याचा तक्ता स्थानिक भाषेत प्रत्येक नोंदणी कचेरीत लोकांना दिसेल असा लावला पाहिजे, असे ७९ वे कलम म्हणते. तुमच्या तालुक्याच्या कचेरीत तो कुठे लावला आहे ते पाहून या. कपाटामागे असेल तर विचारा की कपाट हलवायला किती फी पडेल!

कागद एकच हवा

आता सावकारांची सगळ्यात जुनी युक्ती. खरेदीखत रजिस्ट्रीत होते. त्याच दिवशी दुसऱ्या साध्या किंवा नोटरीच्या कागदावर लिहून दिले जाते, की दोन वर्षांत पैसे परत केल्यास जमीन परत फिरवून देईन. शेतकरी तो दुसरा कागद देव्हाऱ्यात ठेवतो. त्याला वाटते, आपण सुरक्षित आहोत.

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्यात १९२९ साली घातलेली अट अशी, की परतफेडीची शर्त ज्या दस्ताने विक्री झाली त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. म्हणजे देव्हाऱ्यातला कागद कितीही जपला तरी खरेदीचे गहाण होत नाही. आणि फरक किती मोठा आहे पाहा. गहाण असेल तर सोडवून घेण्याच्या दाव्याला तीस वर्षांची मुदत आहे. खरेदी असेल तर मुदत संपली, रान संपले. म्हणून तारण ठेवायचेच झाले तर गहाणखत म्हणूनच लिहा, आणि परतीची शर्त त्याच कागदात लिहून घ्या. समोरचा ऐकत नसेल, तर त्याची नजर व्याजावर नाही, रानावर आहे, हे ओळखा.

बहिणींच्या बाबतीतही हेच. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. तेव्हापासून हक्कसोडपत्रे वाढली. बापाच्या तेराव्याला जमलेल्या बहिणींना साडीचोळी करून टेम्पोत बसवून रजिस्ट्रीत नेले जाते. “वारसाची नोंद करायची आहे, अंगठा दे.” माऊल्यांनो, हक्कसोड करायचा की नाही हा तुमचा प्रश्न. खुशीने करा, नाहीतर करू नका. पण वारसनोंद तलाठ्याकडे होते, त्यासाठी रजिस्ट्रीत अंगठा लागत नाही, एवढे ध्यानात ठेवा. आणि भावांनो, सावकाराने आपल्याला फसवले म्हणून ओरडायचे आणि घरी बहिणीला तसेच फसवायचे, हे चालणार नाही.

ओळख पटवणाराही जबाबदार

रजिस्ट्रीत ओळख पटवायला साक्षीदार लागतात. हे बाहेरून येत नाहीत. आपल्याच गावचे असतात. एक वेळचे जेवण आणि शे-दोनशे रुपये, एवढ्यावर दस्त न वाचता सही करणारे दोन-चार जण प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी रोज सापडतात. मेलेल्या माणसाच्या जागी दुसरा उभा केला गेला तर त्याला ‘हाच तो’ म्हणणारेही हेच. कायद्याच्या ८२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीत खोटे निवेदन करणे, दुसऱ्याच्या नावाने उभे राहणे, किंवा त्याला मदत करणे, याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. साहेबानेच जाणूनबुजून, कोणाचे तरी नुकसान करण्यासाठी, खोटी नोंद केली तर ८१ व्या कलमाने त्यालाही तितकीच. पण कैदेची भीती हा शेवटचा मुद्दा. शेजाऱ्याचे रान जाताना आपण साक्षीला उभे होतो, ही लाज पहिली.

साहेबाला जास्त अधिकार द्यावेत काय?

फसवणुकी वाढल्या की शहाणी माणसे म्हणतात, साहेबाला जास्त अधिकार द्या. किंमत कमी वाटली, व्यवहार संशयास्पद वाटला, तर त्याने दस्त अडवावा. ऐकायला हे बरे वाटते. पण अडवण्याचा प्रत्येक नवा अधिकार म्हणजे सोडण्याचा एक नवा दर. संशय घेण्याची मुभा दिली की ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यावर संशय येत नाही. अडतो तो फाटका माणूसच.

हा प्रयोग आपल्या मुलखात पूर्वी झालेला आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या दंग्यात लोकांनी सावकारांच्या घरातले रोखे आणि खती बाहेर काढून जाळली. बहुतेक ठिकाणी माणसांना हात लावला नाही, कागद जाळले. कागदात काय ताकद असते हे त्या निरक्षर कुणब्यांना नीट कळले होते. सरकारने चौकशी कमिशन नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू असा कायदा आणला. त्यात गावपातळीवर निबंधक नेमण्याची तरतूद होती. शेतकऱ्याचा दस्त त्याच्यासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, असा हेतू होता. हेतू चांगला होता. पण सावकाराने दुसरी वाट काढली. गहाणखतावर कायद्याची नजर आहे ना? मग त्याने गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे कायद्यात दुरुस्ती करून, कागदावर खरेदी असली तरी खरा व्यवहार काय होता हे पाहण्याचा अधिकार न्यायालयांना द्यावा लागला.

यातून धडा असा, की अधिकारी जवळ आणला तरी कर्जाची गरज तशीच राहिली आणि गरज तशीच राहिली म्हणून कागदाने नुसते रूप बदलले. शेवटी उपयोगी पडली ती एकच गोष्ट: कागदामागचा खरा व्यवहार उघडा करून दाखवण्याची सोय.

तशी सोय आजही आहे

ती सोय महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ या कायद्यात आहे. त्याचे १८ वे कलम सांगते, की सावकारीच्या व्यवहारात कर्जाला तारण म्हणून स्थावर मिळकत सावकाराच्या ताब्यात गेली असेल, मग कागद खरेदीचा असो, गहाणाचा असो की आणखी कसला, तर अर्जाच्या तारखेपासून मागच्या पंधरा वर्षांतल्या अशा व्यवहाराची चौकशी करता येते. चौकशीत खात्री पटली तर तो दस्त अवैध ठरवून जमीन कर्जदाराला परत करण्याचा हुकूम देता येतो.

इथे एक घोटाळा होतो, तो टाळा. हा अर्ज रजिस्ट्रीतल्या निबंधकाकडे करायचा नाही. तो सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. नावे सारखी, खाती वेगळी. कित्येक जण रजिस्ट्रीत खेटे घालून “इथे काही होत नाही” म्हणून घरी बसले आहेत. त्यांनी दार चुकीचे ठोठावले.

आणि या दुसऱ्या दारी पुरावा नेण्यासाठी पहिल्या दाराचाच उपयोग आहे. घेणारा म्हणतो, “मी सावकार नाही. एक जमीन आवडली, घेतली.” त्याला खोटे कसे पाडायचे? नोंदणी कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे जमिनीच्या दस्तांचे पहिले पुस्तक आणि त्याच्या सूच्या फी भरून कोणालाही पाहता येतात. कारण सांगावे लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. सूचीत दस्त करून देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची नावे असतात. त्या माणसाच्या नावाचा शोध घ्या. एकाच माणसाच्या नावे पाच-सात वर्षांत आसपासच्या गावांतल्या वीस कोरडवाहू शेतकऱ्यांची खरेदीखते सापडली, पेरणीच्या तोंडावरची, निम्म्या भावाची, आणि त्यांतली काही पुन्हा परत फिरवलेली, तर जमिनीच्या आवडीची गोष्ट सावकारीची होते. एकट्याने केलेला अर्ज एकट्याचे रडगाणे ठरतो. वीस जणांची सूची जोडलेला अर्ज पुरावा ठरतो.

आणखी एक टप्पा शिल्लक असतो. रजिस्ट्री झाल्यावर लगेच सातबारा बदलत नाही. जमीन महसूल संहितेच्या १५४ व्या कलमाप्रमाणे नोंदणी अधिकारी महसूल खात्याला कळवतो, तलाठी फेरफार धरतो, चावडीवर लावतो आणि संबंधितांना नोटीस देतो. नोटीस आली की सही करून चुलीत घालू नका. मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आल्यावर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकाऱ्याला दोघांचे ऐकावे लागते. नुसत्या हरकतीने दस्त रद्द होत नाही, हे खरे. पण ‘मी पहिल्या दिवसापासून नाकारत होतो’ याची तारीखवार नोंद राहते. ती पुढे दोन्ही दारी कामी येते.

बैठकीत काय ठरवायचे

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यासाठी साहेबाला एकही नवा अधिकार द्यावा लागत नाही. कबुली विचारण्याआधी दस्ताचा सारांश करून देणाऱ्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा. ‘कबूल आहे का’ एवढे न विचारता ‘जमीन कायमची विकली का, की कर्जाला तारण दिली’ असे सरळ विचारावे आणि उत्तर दस्तावर लिहावे. करून देणाऱ्याला दस्ताची एक प्रत त्याच दिवशी फुकट द्यावी. फीचा तक्ता दारात लावावा. फोटो घ्यायला यंत्र आहे, अंगठा घ्यायला यंत्र आहे. चार वाक्ये वाचून दाखवायला तोंड आहेच.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर आपले काम आपण करायचे. प्रत्येक गावातून एक लिहिता-वाचता कार्यकर्ता निवडा. गावातला कोणीही रजिस्ट्रीला निघाला की त्याने सोबत जायचे. दस्त आधी वाचायचा, मग वाचून दाखवायचा. विकायची असेल तर विकू द्या. जमीन त्याची, मर्जी त्याची. पण विकतो आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. प्रत्येक तालुक्याने आपल्या भागातल्या संशयास्पद खरेदीखतांची सूची काढून पुढच्या बैठकीला आणावी. तिथे अर्ज तयार करू, आणि सगळे मिळून जिल्हा उपनिबंधकाच्या दारात जाऊ.

सुप्याच्या लोकांनी कागद जाळले, कारण ते वाचता येत नव्हते. आपल्याला जाळायचे नाहीत. आपल्या पोरांना वाचता येते. साहेबाने “कबूल आहे?” विचारले की मान हलवण्याआधी एक उलट प्रश्न विचारा: “साहेब, कशाला कबूल म्हणू, ते आधी वाचून दाखवा.”